अंगावर पाजताना व्हिटॅमिनच्या गोळ्या: किती घ्यायच्या, कुठे थांबायचे?

पानशेत-वरसगाव धरणांच्या काठच्या गावांतली बाळंतीण अनेकदा गोळ्यांच्या दोन पिशव्या घेऊन घरी येते. एकीत आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळालेल्या सरकारी गोळ्या. बाळंतपण पुण्यात झाले असेल तर दुसरीत तिथल्या खासगी दवाखान्याची औषधे. वेष्टनावरची नावे वेगळी असतात, आतले घटक मात्र पुष्कळदा तेच. दोन्ही चालू ठेवल्या की डोस नकळत दुप्पट होतो. म्हणून पुढच्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप, बाटल्या आणि पावडरची पाकिटे सोबत न्या आणि आरोग्य सेविका किंवा डॉक्टरांसमोर मांडा.

लोह आणि कॅल्शियम

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक घ्यायची. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतात. त्याशिवाय वरून आणखी टॉनिक नको. कॅल्शियमच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० आययू व्हिटॅमिन डी३ असते. ती सहा महिने दिवसातून दोनदा, जेवणानंतर घ्यायची. दोन्ही एकदम घेऊ नका, कारण कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. लोहाची गोळी चहासोबतही नको.

व्हिटॅमिन डी: चूक इथेच होते

रोजची गरज साधारण ६०० आययू. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० आययूच्या वर जाऊ नये. बाजारात मिळणारे पाकीट किंवा कॅप्सूल ६०,००० आययूची असते. ती आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ‘रोज एक’ असे समजून सात दिवस घेतली तर पोटात ४ लाख २० हजार आययू जातात. असे चालू राहिले की रक्तातले कॅल्शियम वाढते. खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, उलट्या ही त्याची लक्षणे. असे झाल्यास गोळी थांबवा आणि रक्त तपासून घ्या.

आईच्या दुधात व्हिटॅमिन डी कमीच उतरते. म्हणून बाळाला वेगळे रोज ४०० आययूचे थेंब देतात. काही बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४०० आययू असते, काहींत ८००. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा, आणि तिच्यासोबत आलेलाच ड्रॉपर वापरा.

बी१२: इथे भीती जास्तीची नाही, कमतरतेची

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये बी१२ कमी आढळले. फॉलिक ॲसिडची कमतरता मात्र जवळपास नव्हतीच. म्हणजे लाल गोळी नियमित घेतली तरी बी१२ची उणीव भरून निघत नाही, कारण ते त्या गोळीत नसतेच.

घरात माळ असेल, किंवा बाळंतिणीला अंडी-मासे ‘बाधतात’ म्हणून बंद केले असतील, तर बी१२साठी दूध-दहीच उरते. अर्ध्या लिटर दुधातून साधारण दोन मायक्रोग्रॅम मिळते. पाजणाऱ्या आईची गरज तीनच्या आसपास आहे. आणि घरचे दूध डेअरीला गेले तर आईच्या वाट्याला चहापुरतेच येते, हेही आपण पाहतोच.

आईला बी१२ कमी असेल तर दुधातही कमी उतरते. असे बाळ काही महिन्यांनी मलूल दिसू लागते, हसणे कमी होते, मान धरलेली असली तरी पुन्हा सैल पडते, बोटांचे सांधे काळवंडतात, हात थरथरतात. यातले काही दिसल्यास वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वेळेवर उपचार झाले तर बाळ लवकर सुधारते. उशीर झाला तर मेंदूच्या वाढीवर परिणाम राहू शकतो. शाकाहारी असाल तर बी१२ची गोळी डॉक्टरांना विचारून जरूर घ्या. नेहमीच्या गोळीत गरजेपेक्षा कितीतरी जास्त, ५०० किंवा १,५०० मायक्रोग्रॅम असते, पण त्यातले थोडेच शोषले जाते आणि ते घातक नाही.

बाकीची

बी-कॉम्प्लेक्सने लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका. मात्र बी६चे मोठे डोस महिनोन्महिने घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होते. ‘ताकदीची गोळी’ स्वतःहून आणून खाऊ नका. व्हिटॅमिन एचा वेगळा डोस आईला लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ मध्ये तो न देण्याचा सल्ला दिला. लहान मुलांना नवव्या महिन्यापासून मिळणारा व्हिटॅमिन एचा डोस हा मुलांसाठीच आहे.

घरात मोठे मूल असेल तर

लाल गोळीवर साखरेचे आवरण असते, ती मुलांना चॉकलेटसारखी वाटते. दहा किलो वजनाच्या मुलाने दहा गोळ्या खाल्ल्या तर पोटात ६०० मिलिग्रॅम लोह जाते, आणि ते जिवावर बेतू शकते. गोळ्या कुलपात किंवा मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. खाल्ल्याचा संशय जरी आला तरी उलटी करवू नका. रिकामी स्ट्रिप सोबत घ्या, १०८ला फोन करा आणि मूल ठणठणीत दिसत असले तरी रुग्णालयात न्या. उलट्या-जुलाब थांबून काही तास बरे वाटणे आणि मग अचानक तब्येत ढासळणे, ही लोहाच्या विषबाधेची नेहमीची रीत आहे.