तबल्याची डागडुजी

जुना तबला मोडीत घालण्यापूर्वी वाचकांनी एकदा त्याचे खोड नीट पाहावे. शिसवी खोडाला कीड-भेग नसेल, तर नवी जोडी कशाला? माळ्यावरच्या आजोबांच्या जोडीवर घरच्यांनी मोडीचा निकाल दिलाच होता. मी अपील केले! गठ्ठे घरीच घासले, वादी कुजली नव्हती ती पुसून ठेवली, पितळी डग्ग्याला चिंच लावली. खर्च झाला तो पुड्यांवर.

शाईला मात्र घरी हात लावू नये. लोहचूर्ण आणि खळ यांचा एकेक पातळ थर घोटून ती सिद्ध होते. तिच्यामुळेच तबल्याचे उपस्वर सुरात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली मांडले. कारागिरांच्या कानांना ते कधीचेच ठाऊक होते.

पुडी चढल्यावर हातोडी गजऱ्यावर, सगळीकडून सारखी आणि बेताने. एकदम ताणाल तर पुडी फाटेल, आणि अपीलही फेटाळले जाईल.