बातमी आधी मोजावी

आमच्या सडक अर्जुनीत आता घरोघरी मोबाइल आहे. विज्ञानाची, जंगलाची बातमी क्षणात पुढे जाते. खरी की खोटी, हे कोण पाहतो? मीही न पाहता पाठवलेल्या आहेत. मला शहाणे केले ते सारसाने.

सुमारे सहा फुटांचा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. धानाच्या बांधीत घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो. दर वर्षी त्याची गणना होते. गावोगावचे तरुण, शेतकरी वन विभागाबरोबर पहाटेच तळ्यांकाठी जाऊन बसतात. सगळीकडे एकाच वेळी मोजतात, म्हणजे एकच जोडी दोनदा मोजली जात नाही. असे आकडे वर्तमानपत्रांत येत राहिले. सारस घटत असल्याच्या बातमीची दखल घेऊन २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. पहाटेच्या मोजणीचे मोल हे असे.

मी कवी; अतिशयोक्ती हा माझा जुना छंद. बातमीत मात्र ती चालत नाही. पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा : हे कोणी पाहिले, कधी पाहिले आणि कसे मोजले?