गाडीचा बेल्ट का ओरडतो?

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून 'चींऽऽ' असा कर्कश आवाज येतो. दहा-पंधरा सेकंदांत तो थांबतो आणि आपण कामाला निघून जातो. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या आता सात-आठ वर्षांच्या झाल्या आहेत, त्यामुळे कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये हा आवाज हमखास ऐकू येतो.

माझ्या गाडीतूनही तो येत होता. एका मिस्त्रीने बेल्ट बदलून दिला. आवाज थांबला आणि महिन्याभरात पुन्हा सुरू झाला. "नवा बेल्ट आहे, बसेल हळूहळू," असे तो म्हणाला आणि मी ते मानले. मागच्या दिवाळीत नाशिकहून इंदूरला परतताना बिजासन घाट चढत होतो. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा वर सरकू लागला. बेल्ट तुटला होता. संध्याकाळची वेळ, मागे ट्रकांची रांग आणि गाडीत ८४ वर्षांची आई. गाडी ओढून सेंधव्याला नेईपर्यंत साडेतीन तास गेले. तिथल्या मेकॅनिकने टेन्शनरची पुली हातात देऊन हलवून दाखवली. तिचे बेअरिंग गेले होते, पुली तिरकी फिरत होती आणि तिने नव्या बेल्टची कड कापून काढली होती.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली आहे. ओरडतो बेल्ट, पण दोष पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचा असतो. तो शोधल्याशिवाय नुसता बेल्ट बदलणे म्हणजे हिशेब जुळत नाही म्हणून शेवटचा आकडा खोडून नवा लिहिण्यासारखे आहे.

हा बेल्ट करतो काय?

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला एक पुली असते. तिच्यावरून निघालेला रबरी बेल्ट अल्टरनेटर फिरवतो. जुने मिस्त्री याला अजूनही डायनामो म्हणतात. चालत्या गाडीला वीज देणे आणि बॅटरी चार्ज करणे हे त्याचे काम. हाच बेल्ट एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही फिरवतो आणि ज्या गाड्यांत तेलावर चालणारे पॉवर स्टिअरिंग आहे तिथे त्याचा पंपही. पूर्वी रेडिएटरचा पंखा याच्यावर चालायचा म्हणून 'फॅन बेल्ट' हे नाव पडले. आता बहुतेक गाड्यांत पंख्याला वेगळी विजेची मोटर असते, पण नाव टिकून आहे.

टायमिंग बेल्ट ही अगदी वेगळी वस्तू आहे. तो झाकणाच्या आत असतो, त्याला दाते असतात आणि इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप तो वेळेवर करवून घेतो. पुष्कळ गाड्यांत त्याच्या जागी साखळी असते. तो सहसा ओरडून सूचना देत नाही आणि तुटला तर इंजिनाचे मोठे नुकसान होऊ शकते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा मुदतीला तो बदलायचाच. गॅरेजमध्ये "बेल्ट गेलाय" असे कोणी म्हणाले, तर "कोणता?" हा पहिला प्रश्न विचारा.

आवाज कधी येतो ते टिपून ठेवा

डॉक्टरकडे जाताना ताप कधी चढतो ते आपण सांगतो, तसेच हे आहे.

गाडी सुरू करताच लांबट किंकाळी येत असेल, तर बेल्ट पुलीवर घसरतो आहे. सेल्फ मारताना बॅटरीतली वीज खर्च होते. ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटरवर सुरुवातीलाच मोठा भार येतो आणि सैल किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट तो पेलू शकत नाही. बॅटरी जुनी असेल तर हा भार आणखी वाढतो, म्हणून बॅटरीही तपासून घ्यावी. पावसाळ्यात दमट सकाळी क्षणभर आवाज येऊन थांबला तर घाबरण्याचे कारण नाही. कोरड्या दिवशीही रोज येऊ लागला, तर मात्र दुर्लक्ष करू नये.

एसी लावताच आवाज आला, तर कॉम्प्रेसरचा भार पडल्यावर बेल्ट घसरतो आहे. सोबत जळक्या रबराचा वास आला तर एसी बंद करा. कॉम्प्रेसर किंवा त्याची पुली अडकत असण्याची शक्यता असते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरच आवाज येत असेल आणि पॉवर स्टिअरिंग तेलाचे असेल, तर त्या पंपाकडे लक्ष द्यावे.

लांब किंकाळीऐवजी पाखरासारखी तुटक 'चिक्‌-चिक्‌' येत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर तिचा वेग वाढत असेल, तर बहुधा एखादी पुली सरळ रेषेत नाही. माझ्या गाडीचा आवाज असाच होता, मी ओळखला नाही.

घरघर किंवा खरखर असेल, तर संशय बेअरिंगवर घ्यावा. ते अल्टरनेटरचे, वॉटर पंपाचे, टेन्शनरचे किंवा आयडलर पुलीचे असू शकते.

पाण्याची परीक्षा

किंकाळी आणि चिकचिक यांतला फरक कानाला कळला नाही, तर मेकॅनिक एक सोपी परीक्षा करतात. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूला फवारणीच्या बाटलीने थोडे साधे पाणी मारायचे. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे, घसरतो आहे. आवाज क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर पुलीची रेषा बिघडली आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंग तपासावे.

ही परीक्षा शक्यतो मेकॅनिककडूनच करून घ्या. फिरत्या बेल्टजवळ हात, ओढणी, पदर, गळ्यातली साखळी काहीही जाता कामा नये. विजेचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

घरी काय पाहता येईल?

इंजिन पूर्ण थंड असताना, किल्ली काढून, बॉनेट उघडा आणि टॉर्चच्या उजेडात बेल्ट पाहा. कडा उसवल्या आहेत का, धागे सुटले आहेत का, खाचांचा एखादा तुकडा पडला आहे का, आतली बाजू आरशासारखी चकचकीत झाली आहे का? पूर्वीच्या रबराला झिजल्यावर भेगा पडत. हल्लीच्या बेल्टचे रबर वेगळे असते. ते भेगा न पडताही झिजते, मोटारीच्या टायरसारखे. त्यामुळे "भेग नाही म्हणजे बेल्ट चांगला" हा हिशेब आता चालत नाही. खाचा किती खोल गेल्या आहेत ते मेकॅनिक छोट्या मापाने पाहू शकतो.

बेल्टवर किंवा आसपास तेलाचा किंवा कुलंटचा ओलावा दिसला, तर आधी गळती बंद करावी. तेल लागलेला बेल्ट फुगतो आणि घसरतो. गळती तशीच ठेवून नवा बेल्ट घातला, तर त्याचीही तीच गत होते.

आवाज थांबवायला बेल्टला साबण किंवा मेणबत्ती घासणे, तेल लावणे, स्प्रे मारणे हे उपाय कोणी सुचवले तर नम्रपणे नाही म्हणा. दोन दिवस शांतता मिळते, पण दोष झाकला जातो आणि त्या चिकटपणात धूळ बसते.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

पहिले, बेल्ट काढल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून दाखवा. ती खरखर न करता, न हलता फिरली पाहिजे. दुसरे, पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून पाहा. तिसरे, टेन्शनर तपासा. जुन्या पद्धतीच्या गाडीत बोल्ट सैल करून बेल्टचा ताण वाढवता येतो. आपोआप ताण देणारा टेन्शनर असेल, तर त्याची स्प्रिंग थकल्यावर तो बदलावाच लागतो. चौथे, काढलेला बेल्ट मला परत द्या. त्याची झीज पाहिली की दोष कुठे होता ते बरेचदा कळते.

आवाज जावा म्हणून बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणूही देऊ नये. तो भार अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर येतो. बेल्टच्या खर्चात भागणारे काम मग डायनामोपर्यंत जाते. आणि या चार गोष्टी न पाहताच कोणी "डायनामोच बदला" म्हणाले, तर दुसरीकडे दाखवून घ्यावे.

वाटेत तुटला तर?

बॅटरीचा दिवा लागला आणि तापमानही वाढू लागले, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा. "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" म्हणू नका. वॉटर पंप थांबलेला असेल तर काही मिनिटांत इंजिन खराब होऊ शकते. तेलाचे पॉवर स्टिअरिंग असेल तर चाक एकदम जड होईल, पण गाडी वळते, तेव्हा दोन्ही हातांनी नीट धरा. चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण ठेवा आणि सगळ्यांना रस्त्यापासून दूर उभे करा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका.

गणपती, दिवाळी, लग्नसराई आली की आपण सारे पुण्या-नाशिककडे, नागपूरकडे निघतो. निघण्याच्या आठ दिवस आधी सकाळी गाडी सुरू करा, रेडिओ बंद ठेवा, काच खाली करा आणि मिनिटभर कान देऊन ऐका. मी तीन आठवडे रेडिओचा आवाज वाढवत राहिलो होतो.