‘अतिशोषित’ कोणी केले?

‘विहीर आटली,’ असे जालना जिल्ह्यातील मोसंबीचा बागाईतदार म्हणतो. भूजलाच्या सरकारी अहवालात तशाच स्थितीला ‘अतिशोषित पाणलोट क्षेत्र’ असे भारदस्त नाव मिळते. पहिल्या वाक्यात विहीर जणू आपल्या मर्जीने आटते. दुसऱ्या शब्दात शोषणारा कोणी आहे खरा, पण तो धातुसाधिताच्या आड दडून बसला आहे.

‘शोषण’ या शब्दाचा मूळ अर्थ सुकविणे, कोरडे करणे. घशाला पडणारा शोष त्याच घराण्यातला. कामगार चळवळीने त्याला श्रमाच्या लुबाडणुकीचा अर्थ दिला, आणि आज तोच प्रथम मनात येतो. त्यामुळे आपल्या शिवाराला ‘अतिशोषित’ म्हटलेले ऐकताच शेतकऱ्याला वाटते की ही आपलीच कैफियत कोणीतरी मांडत आहे. कर्जाचा आणि भावाचा विचार करता त्याचे फारसे चुकतेही नाही!

वास्तविक येथील ‘अति’ हा निव्वळ हिशेबाचा आहे. दरवर्षी मुरणाऱ्या पाण्यापैकी जेवढे वापरता येण्याजोगे, त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर क्षेत्र सुरक्षित. १०० टक्क्यांच्या पुढे गेला की अतिशोषित. म्हणजे व्याज संपून मुदलाला हात लागला. त्यातून हा बेसाल्टचा प्रदेश. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या, भेगाळ थरात. खाली कठीण पाषाणात विंधन विहिरीने कितीही खोल गेले तरी हाती लागेलच असे नाही. २००९ च्या राज्य भूजल अधिनियमाने अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई केली. तो २०१४ मध्ये अमलात आला. तत्पूर्वी, २०१२-१३ च्या दुष्काळात, टँकरचे पाणी विकत घालूनही येथील अनेक बागा वाळून गेल्या होत्या.

मग शोषक कोण? प्लास्टिक अंथरलेली कित्येक शेततळी विहिरीच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर काढून उन्हात ठेवले जाते, आणि त्याला आपण ‘साठवण’ म्हणतो. अशा तळ्याला अनुदानही मिळते. ज्याच्याजवळ तळे नाही त्या शेजाऱ्याची विहीर मात्र ‘आटते’. शासनाच्या शब्दकोशात या शेजाऱ्यासाठी शब्द आढळत नाही. कारण ‘अतिशोषित’ ठरते ते क्षेत्र, आणि त्या क्षेत्रात तळेवाला व तळे नसलेला दोघेही सारखेच मोजले जातात.