आसाभोवतीचा हुन्नर

नांदेडहून लातूरकडे निघालेला प्रवासी लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर अशी गावे एकेक करून मागे टाकीत जातो, तेव्हा गाळपाच्या हंगामात त्याला रस्त्याच्या कडेस एक दृश्य हमखास दिसते : उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली एका अंगास कललेली, तिच्या आसाखाली जॅक, उरलेल्या चाकांना दगडांची अटक, आणि उघड्या पडलेल्या हबपाशी उकिडवा बसलेला, ग्रीसने कोपरापर्यंत माखलेला एक मिस्त्री. ‘बेअरिंग गेलं’ एवढ्या दोन शब्दांत ड्रायव्हर सगळा मामला सांगून टाकतो. तोडलेल्या उसातील साखर दर प्रहराला घटत असते, कारखान्यावरचा नंबर निघून जात असतो. आणि हे सारे ज्या जिनसेने अडवून धरले, ती तळहातावर सहज मावावी एवढी लहान असते.

या मुलखाला आसाची काळजी नवी नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस मार्गशीर्षात चारी बाजूंनी बैलगाड्या लोटत, त्या काळी वंगण घातल्यावाचून घरची गाडी उंबऱ्यापुढून हलत नसे. लाकडी तुंबा लोखंडी आसावर घासत फिरे, आणि वंगण आटले की चाक स्वतःच करकरून त्याची वर्दी देई. गाडीवान झोपेत असला तरी त्या आवाजाने जागा होई. त्या व्यवस्थेत घर्षण टाळण्याची हिकमत नव्हती, मात्र घर्षणाची वार्ता वेळेवर मिळण्याची सोय होती. आजच्या बेअरिंगने घर्षण जवळजवळ नाहीसे केले, परंतु स्वतःला पोलादी हबात, टोपणाखाली दडवून घेतल्यामुळे ते वार्ताही उशिरा देते. माझ्या मते आपल्याकडील बहुतेक बिघाडांचे मूळ या बदलातच आहे : यंत्र पालटले, पण कान मात्र अजून करकर ऐकण्याची वाट पाहतात.

निमुळत्या रोलरचे हे बेअरिंग ज्याने प्रचारात आणले, तो हेन्री टिमकेन हा अमेरिकेतील सेंट लुईस शहरचा घोडागाड्या बनविणारा कारागीर होता, ही गोष्ट आपल्या गाडीवानांस आवडावी अशी आहे. जड गाडी वळण घेताना चाकावर वरून भार येतो तसाच आडवा रेटाही येतो, आणि साधे बेअरिंग त्या रेट्यापुढे टिकत नाही, हे ओळखून त्याने 1898 मध्ये निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट मिळवले. त्यातील प्रत्येक रोलर एका टोकास किंचित बारीक असतो, आणि सर्व रोलरांच्या रेषा पुढे वाढविल्या तर त्या आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. म्हणूनच रोलर घसरत नाहीत, केवळ लोळतात. आतील कडे तो कोन, बाहेरील कडे तो कप, आणि रोलरांना अंतरावर राखणारी ती जाळी. ट्रॉलीच्या प्रत्येक हबात अशी दोन बेअरिंगे परस्परांकडे तोंड करून बसवलेली असतात, एक आतल्या अंगास व एक बाहेरच्या, त्यामुळे चाकाला ना आत सरकता येते ना बाहेर निसटता.

ट्रॉली फिरण्याने झिजते, अशी सर्वसाधारण समजूत. पण या भागात ती उभी राहूनच अधिक नासते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. हंगाम संपला की ट्रॉली बांधावर लावली जाते आणि सबंध पावसाळा तिची चाके काळ्या चिकट मातीत रुतून राहतात. तत्पूर्वीच शेवटच्या खेपांत कुठेतरी ओढा ओलांडलेला असतो. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि ऑईलसील थोडेही कडक वा फाटलेले असल्यास ती तेथूनच पाणी आत ओढून घेते. त्या पाण्याने ग्रीस दुधाळ होते, आणि चार महिने एकाच जागी टेकलेल्या रोलरखाली गंजाची एकेक खाच पडत जाते. पुढल्या हंगामात भार चढताच त्या खाचेचे पापुद्रे सुटू लागतात. मग हब गुरगुरतो, चाक डुलते, आणि शेवटी ते आसासकट हातचे जाते.

म्हणून या कामाला खरा मुहूर्त खंडेनवमीचा आहे. त्या दिवशी ट्रॅक्टरला झेंडूचे तोरण बांधतात, ट्रॉलीला हळदकुंकू लावतात, आणि थोड्याच दिवसांत कारखान्यांवर बॉयलरचे अग्निप्रदीपन व मोळी टाकण्याचे समारंभ सुरू होतात. त्या मधल्या अवधीत प्रत्येक हब उघडून पाहिला, तर रस्त्याकडेची ती उकिडवी बैठक बहुतांशी टळेल. ज्या शेतकऱ्यांनी हा परिपाठ ठेवला आहे, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

मिस्त्रीचे काम मी तासन् तास बसून पाहिले आहे. टोपण काढायचे, स्प्लिट पिन सरळ करून ओढायची, नट सोडवायचा, हब दोन्ही हातांनी तोलून आसावरून उतरवायचा. इथवर केवळ बळाचे काम. खरी परीक्षा नंतर. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन, स्वच्छ फडक्याने कोरडे करून तो ते उजेडाकडे धरतो आणि बोटांनी हळू फिरवतो. रोलरवर खाच दिसली, वा पोलादाला निळसर छटा आली असली, तर तो दुसरा विचार करीत नाही. निळी छटा म्हणजे पोलाद तापून त्याचे पाणी उतरल्याची खूण. मग कप आणि कोन दोन्ही बदलायचे, कारण झिजलेल्या कपात नवा कोन बसवणे म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वाया घालवणे. नव्यासाठी जुन्यावर कोरलेला क्रमांक पाहावा : 32210 असल्यास शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणावे, म्हणजे आतले छिद्र 50 मिलिमीटरचे, हे कळते.

कप हबात बसवताना तो पितळेच्या दांड्याने आळीपाळीने समोरासमोर ठोके देतो, आणि कप तळाला टेकला की ठोक्याचा बोदा आवाज एकदम भरीव होतो. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायची, जोवर ते दुसऱ्या अंगाने रोलरांमधून बाहेर येत नाही. वरवर माखलेले ग्रीस कुचकामी. हबाची पोकळी मात्र पूर्ण भरायची नाही, भरली तर ते ग्रीस घुसळून तापते. सील दर खेपेस नवेच.

शेवटी नट. चाक फिरवत फिरवत तो आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, आणि मग किंचित मागे आणायचा, इतकाच की खाच आणि छिद्र जुळून पिन जावी. फार आवळला तर बेअरिंग जळते, सैल राहिला तर रोलर आपटत राहतात; मधली ती जागा कोणत्याही मापाच्या पट्टीवर नसते, मिस्त्रीच्या मनगटात असते. चाक वरखाली हलवून तो खेळ पाहतो, पिनीची टोके दुमडतो, टोपण लाकडी ठोकळ्याने बसवतो.

तेवढ्याने तो ड्रायव्हरला मोकळे सोडत नाही. पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर थांब, म्हणतो, आणि हबाला हात लाव. कोमट लागला तर पुढे जा. हात ठेववत नसला, तर तिथेच उभा राहा आणि मला बोलाव.