पिस्टन नेमका माथ्यावर कधी असतो?

मारुती ८०० चं हेड उतरवलं की ब्लॉकमध्ये ओळीने तीन पिस्टन दिसतात. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हळूहळू फिरवा. एक नंबरचा पिस्टन वर येतो, माथ्यावर थबकतो आणि पुन्हा उतरू लागतो. इंजिन परत बांधताना सगळं टायमिंग या थबकण्याच्या जागेवरून लावायचं असतं. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, ठिणगी कधी पडायची, सारं तिथूनच मोजतात. गॅरेजमध्ये तिला टीडीसी म्हणतात, म्हणजे टॉप डेड सेंटर.

आणि ही जागा डोळ्यांना सापडत नाही! या इंजिनात पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. पिस्टन अर्ध्या वाटेवर असताना क्रँक एक अंश फिरला, तर तो ०.६ मिलिमीटरहून जास्त सरकतो. माथ्यावर तोच एक अंश फिरवा, पिस्टन जेमतेम सात-आठ मायक्रॉन हलतो. तीन अंशांची चूक झाली तरी उंचीतला फरक एका केसाच्या जाडीएवढा. प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर सोडून अंदाज घेणाऱ्याच्या बोटांना पिस्टन थांबलेला वाटतो, खाली क्रँक मात्र फिरतच असतो. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकचा हात एका रेषेत आले की असं होतं. त्या क्षणी पिस्टनवर वरून कितीही जोर लावा, क्रँक फिरणार नाही.

जिथे अचूकपणा सर्वांत जास्त हवा, तिथेच पिस्टन मुका होतो. यावर शोधलेली युक्ती मला यंत्रविद्येतल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते: माथ्यावर जायचंच नाही.

ब्लॉकवर एक लोखंडी पट्टी आडवी आवळायची आणि तिच्यातून एक बोल्ट खाली सोडायचा, माथ्याच्या साधारण पाच मिलिमीटर अलीकडे पिस्टनला अडवेल असा. क्रँकच्या टोकाला अंश कोरलेली तबकडी बसवायची, समोर तारेचा काटा. आता क्रँक हलक्या हाताने एकीकडे फिरवायचा. पिस्टन टेकला की आकडा टिपायचा. मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवायचा. शून्यापासून एकीकडे २४ अंश आले आणि दुसरीकडे ३०, तर तबकडी ३ अंशांनी सरकलेली आहे. ती दोन्हीकडे २७ दाखवेल अशी बसवली की तिचा शून्य हाच खरा टीडीसी. माथ्याच्या दोन्ही अंगांना पिस्टनची चाल सारखीच असते, म्हणून मधोमधचा बिंदू चुकत नाही. शिवाय तिथे पिस्टन एका अंशाला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सरकत असल्याने टेकल्याचं बोटांना लख्ख कळतं.

सूर्यसिद्धांतात दिशा ठरवण्याची रीत अशीच आहे. सपाट जमिनीवर वर्तुळ काढायचं, मधोमध शंकू, म्हणजे सावली मोजायची सरळ काठी, उभा करायचा. सावलीचं टोक सकाळी वर्तुळाला जिथे स्पर्श करतं तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा स्पर्श करतं तिथे दुसरी. या दोन खुणांच्या मधून उत्तर-दक्षिण रेषा जाते. ऐन मध्यान्हीला सावलीची लांबी जवळजवळ बदलतच नाही, म्हणून मध्यान्हीची वेळ दोन्ही बाजूंनी गाठायची. पिस्टन आणि सूर्य, दोघांनाही एकच भूमिती लागू पडते!

याहून अचंबा वाटावा अशी गोष्ट पुढे आहे. चार स्ट्रोकच्या एका चक्रात क्रँक दोनदा फिरतो, म्हणून पिस्टनही दोनदा माथ्यावर येतो: एकदा दाबलेलं मिश्रण पेटवायला, एकदा जळका धूर बाहेर ढकलायला. यातला कोणता कोणता, हे नुसत्या क्रँकला ठाऊकच नसतं. ते व्हॉल्व्ह उघडणारा कॅम ठरवतो. क्रँकला कॅमशी जोडणारा टायमिंग बेल्ट चढेपर्यंत दोन्ही माथे अगदी सारखे. इंजिन बांधलेलं असेल तर प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक फिरवा. हवा अंगठ्याला रेटत पिस्टन वर आला, तर तो पेटण्याआधीचा माथा.

३००० आरपीएमला हा क्रँक एक अंश फिरतो तो सेकंदाच्या १८ हजाराव्या भागात. इतक्या वेगात चूक सावरायला वेळच मिळत नाही, म्हणून बेल्ट चढवल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्ये कुठे अडलं तर जोर न लावता थांबा. क्रँक आणि कॅमच्या खुणा पुन्हा जुळल्या, की मगच चावी फिरवा.