मेडिकलच्या काउंटरमागचं काम

बारावी सायन्सला गुण बेताचे पडले, की घरातून सल्ला येतो: ‘डी. फार्म. कर, पुढे मेडिकल टाकता येईल.’ सल्ला वाईट नाही. फक्त त्यात दुकान दिसतं, काम दिसत नाही.

अमेरिकेत फार्मसी टेक्निशियन हा फार्मासिस्टच्या हाताखालचा वेगळा पेशा आहे. आपल्या कायद्यात अशी मधली पायरी नाही. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं. फळीवरून खोकी काढणारा मुलगा हा निव्वळ मदतनीस. फार्मासिस्ट होण्याची जवळची वाट डी. फार्म.ची: दोन वर्षांचा अभ्यास, ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, मग महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. २०२२च्या नियमांनी नोंदणीआधी एक्झिट परीक्षाही आणली.

कस लागतो तो इन्सुलिनसारख्या रोजच्या गिऱ्हाइकीत. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याच्या सिरिंजचं टोपण लाल. १०० युनिटच्या सिरिंजचं नारिंगी. आजोबांना २० युनिट घ्यायचेत आणि चाळीसच्या कुपीबरोबर नारिंगी टोपणाची सिरिंज घरी गेली, तर २०च्या रेघेपर्यंत ओढूनही अंगात जातात फक्त ८. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. पुढच्या खेपेला योग्य सिरिंज मिळाली, की साखर एकदम कोसळते. उलटी चूक त्याच दिवशी घात करते: १००च्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलेले २० प्रत्यक्षात ५० भरतात. आणि लाल-नारिंगीतला फरक घाईत कोण बघतं? कुपी आणि सिरिंज शेजारी धरून आकडे वाचायचे, गर्दी कितीही असो.

मेथोट्रेक्सेटचंही तसंच. संधिवातासाठी ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जिवावर बेततं. पाकिटावर वार लिहून द्यायचा आणि पेशंटकडून तो वदवूनही घ्यायचा. चिठ्ठीवर मेटफॉर्मिन आहे की मेट्रोनिडाझोल, हे अक्षरावरून कळेना, तर सरळ डॉक्टरांना फोन लावायचा. काही डॉक्टर वैतागतात. वैतागू देत.

शिवाय वहीकाम आहे. २०१४पासून शेड्यूल एच-वनमधल्या औषधांची, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं आणि सवय लावणाऱ्या गोळ्या यांची, वेगळी नोंद ठेवावी लागते: डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं. ही वही तीन वर्षं जपायची.

आता दुखरा भाग. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर दुसराच, हे दृश्य आपल्याला नवं नाही. प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्याला घरबसल्या पैसे मिळतात, पण चुकीच्या औषधाचा जाब त्यालाच द्यावा लागतो. प्रशिक्षणाचे ५०० तास सहीपुरते भरून देणारी दुकानंही या धंद्याची भावंडंच. म्हणून डी. फार्म.ला जाणाऱ्याने हे तास मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात किंवा फार्मासिस्ट स्वतः काउंटरवर उभा असतो अशा मेडिकलमध्ये काढावेत, घरापासून लांब पडलं तरी.